इनिशियलचा घोळ

मुलीच्या बारावीनंतरच्या त्या आठवड्यात आमच्या घरात दोन तारखा होत्या. गुरुवारी सकाळी साडेनऊ ते एक, चेन्नईतल्या अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका टूल रूम ट्रेनिंग सेंटरमध्ये मूळ कागदपत्रांची पडताळणी. आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत, काउन्सेलिंगमध्ये मिळालेली इंजिनिअरिंग कॉलेजची सीट ऑनलाइन स्वीकारायची किंवा सोडायची. दोन्हीकडे तिचा नंबर लागला होता. टूल रूमचा कोर्स चार वर्षांचा, डाय आणि मोल्ड म्हणजे साचे बनवण्याचा. पहिल्या महिन्यापासून बेंचपाशी उभं राहून लोखंडावर कानस घासायची. कॉलेजही चार वर्षांचंच, मेकॅनिकल. एक घ्यायचं आणि एक सोडायचं, एवढं साधं होतं ते.

मी याद्या करणारी बाई आहे. अंबत्तूरमध्येच प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी पर्चेस बघते. तिथे यादीत नसलेली वस्तू वेळेवर येत नाही, हे मी अठरा वर्षांत शिकले आहे. घरीही तसंच. गॅस, वीज, नवऱ्याच्या रजा, गावाकडची लग्नं, सगळं वहीत. मुलीच्या प्रवेशासाठी मी दोन पानं आखली होती, एक कॉलेजचं आणि एक टूल रूमचं. तिला मी शब्द दिला होता की दोन्हीकडची तयारी मी करीन, कुठलंही कागदावाचून अडणार नाही, मग तू ठरव.

मला कॉलेज हवं होतं. ते मी लपवलं नव्हतं.

माझा नवरा चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात फिटर म्हणून लागला. सांगलीत आयटीआय करून तो इथे आला, आणि आमचं लग्न झाल्यावर मी. तेव्हापासून आम्ही कारखान्याच्या याच क्वार्टर्समध्ये आहोत, फक्त घराचा टाइप बदलत गेला. तो हाताचा पक्का माणूस आहे. शाफ्टवर बोट फिरवून किती घासायचा राहिलाय ते सांगतो आणि मायक्रोमीटर लावला की तेवढंच निघतं. पण मी त्याच्याबरोबर तेवीस वर्षं काढली आहेत. ज्या मुलांना त्यानं मायक्रोमीटर धरायला शिकवला, ती दोन-तीन वर्षांत त्याचे साहेब झाली. त्यांच्याकडे डिग्री होती. त्याचा रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर जातो.

सोमवारी संध्याकाळी चहाच्या वेळी हाच विषय निघाला. आता आठवडाभर दुसरा निघतच नव्हता.

"बाबा, खरं सांगा," मुलगी म्हणाली. "मशीन बंद पडलं की कोणाला बोलावतात?"

"मला बोलावतात."

"मग?"

"बोलावतात. खुर्ची देत नाहीत."

"खुर्ची कोणाला पाहिजे? मला उभा राहायला आवडतं."

"उभं," मी म्हणाले.

"तेच. उभं." तिचं मराठी असंच आहे. शाळा तमिळ-इंग्रजीची, मैत्रिणी तमिळ, आणि मराठी फक्त आम्ही तिघं असताना. शब्द सगळे येतात, पण पुल्लिंगी कुठलं आणि स्त्रीलिंगी कुठलं, यात गडबड होते. मी तिला दुरुस्त करते. जेवताना, भांडताना, ताप आलेला असताना. ती म्हणते, माझी आई थर्मामीटर लावून वर व्याकरण तपासते.

"वर्कशॉपमध्ये तू एकटी मुलगी असशील," मी म्हणाले.

"दोन. टेस्टच्या दिवशी अजून एक होती. महाबलीपुरमच्या रस्त्यावरच्या कोवलमची. तिच्या बाबांची बोट आहे. तिनं सांगितलं, इंजिन ती उघडते, बाबा नुसते शिव्या देतात."

नवरा हसला. मी हसले नाही. "आणि लग्नाचं बघायला लागू तेव्हा काय सांगायचं? मुलगी कानस घासते?"

"सांगायचं, मुलगी मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजते. तुमचा मुलगा काय मोजतो?"

ती बोलण्यात माझ्यावर गेली आहे. पण ती उठून गेल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "अहो, तुम्ही एकदा नाही म्हणा. तुमचं ऐकेल." तो कप उचलून मोरीकडे गेला. तिथूनच म्हणाला, "मी नाही म्हणणार नाही, आणि हो पण म्हणणार नाही. माझ्या हातांनी घर चाललं. त्यांना मी वाईट कसं म्हणू?"

मंगळवारी सकाळी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि दोन्ही फायली घेऊन बसले. दहावीची गुणपत्रिका, बारावीची, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. कॉलेजची फाइल दहा मिनिटांत झाली. टूल रूमच्या फायलीत मी प्रवेश परीक्षेचं हॉल तिकीट दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवलं, आणि थांबले.

दोन्हीकडचं नाव वेगळं होतं.

हे समजायला चेन्नईत राहावं लागतं. इथे बहुतेकांना आडनाव नसतं. नावाला वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर जोडतात आणि त्याला इनिशियल म्हणतात. मुलीला पहिलीत घातलं तेव्हा शाळेतल्या बाईंनी विचारलं, "इनिशियल एन्ना?" मी आडनावाचं अक्षर सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि नवऱ्याच्या नावाचं लिहिलं. तेव्हापासून शाळेत ती नाव आणि एक अक्षर. आधार मात्र आम्ही मे महिन्यात माझ्या माहेरी गेलो असताना काढलं होतं. तिथे आपल्याकडची पद्धत, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही पूर्ण.

कॉलेजचा फॉर्म तिनं स्वतः भरला होता, गुणपत्रिकेवरून. टूल रूमचा फॉर्म मी भरला होता. फॉर्म भरायच्या आठवड्यात तिची प्रॅक्टिकल होती, आणि मीच म्हणाले होते, तू अभ्यास कर, हे मी करते. तो फॉर्म उघडल्याचं मला लख्ख आठवतं. त्यात तीन चौकटी होत्या आणि पहिल्याच चौकटीवर लिहिलं होतं, आडनाव. इतक्या वर्षांत या गावात पहिल्यांदा कोणीतरी मला आडनाव विचारत होतं. मला बरं वाटलं. मी आमचं आडनाव ठसठशीत टाइप केलं, मग तिचं नाव, मग वडिलांचं. खाली सूचना होती की नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच असावं. ती मी वाचली नाही. मी, जी गोडाउनच्या चलानामागची बारीक अक्षरंही वाचते.

आता पडताळणीच्या पत्रावर पाचवी सूचना होती. नावात फरक असल्यास, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र सोबत आणावं. पडताळणीची वेळ संपल्यावर विचार होणार नाही आणि जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

तासाभराचं काम होतं. स्टॅम्प पेपर, टायपिंग, नोटरीचा शिक्का. माझ्या हातात त्या दिवसाचा अर्धा भाग होता आणि पूर्ण बुधवार होता. मी वही उघडली, टूल रूमच्या पानावर आले, पेनचं टोपण काढलं.

आणि लिहिलं नाही.

मी स्वतःला काय सांगितलं तेही आठवतं. कदाचित चालेल, आधार आहे ना, मध्यमवर्गीय माणसं आहोत, समजून घेतील. मी इतकी वर्षं सप्लायरांकडून अशी वाक्यं ऐकली आहेत. त्यांचा अर्थ मला माहीत होता. काम होणार नाही, हे ठाऊक असलेला माणूसच असं बोलतो. मी फाइलला दोरी बांधली आणि दुपारच्या शिफ्टला कंपनीत गेले.

संध्याकाळी मुलीनं फाइल हातात घेऊन विचारलं, "सगळं झालं?"

"झालं."

"मी एकदा बघू?"

"बघ की."

तिनं दोरीची गाठ पाहिली. माझी गाठ. मग फाइल तशीच कपाटावर ठेवली. "तू बघितलंस म्हणजे झालं," ती म्हणाली. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी कुकरला शिट्टी लावली.

बुधवारी कंपनीत एक साचा अडला. झाकणाच्या कडेला पापुद्रा येत होता, मशीन थांबलं होतं. मी तो साचा रिक्षात घालून आमच्या नेहमीच्या डायमेकरकडे गेले. इस्टेटच्या मागच्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड आहे. साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी साच्याच्या एका अर्ध्यावर निळा रंग लावला, साचा बंद केला, उघडला, आणि दुसऱ्या अर्ध्यावर जिथे रंग उठला नव्हता तिथे नखानं खूण केली. मी स्टुलावर बसून राहिले. नेहमी मी बसत नाही. बाहेर उभी राहून फोन करत असते.

"मुलगी टूल रूमला जायचं म्हणते आहे," मी त्यांना तमिळमध्ये म्हणाले. "तुम्ही काय सांगाल?"

"माझ्या मुलाला मी या शेडच्या आत येऊ दिलं नाही, अम्मा," ते म्हणाले. "उंबऱ्यात उभं राहून जेवणाचा डबा द्यायचा आणि जायचं. शिकला. तिकडे काचेच्या इमारतीत बसतो."

"बरं केलंत."

"बरं केलं." ते घासत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "तो खूश आहे का, मला माहीत नाही. मी विचारत नाही. आणि आता ही शेड कोणाला द्यायची तेही कळत नाही. गेल्या वर्षी दोन मुलं ठेवली. त्यांना घाई. या कामात घाई करून चालत नाही."

त्या संध्याकाळी घरी मी मुलीला डायमेकरांचं बोलणं सांगितलं. पहिलं अर्धं सांगितलं. उंबऱ्याचं, डब्याचं, काचेच्या इमारतीचं. शेड कोणाला द्यायची, ते सांगितलं नाही. ती ऐकत होती. तिच्या मांडीवर कॉलेजचं माहितीपत्रक होतं आणि ती लॅबचे फोटो बघत होती. मला वाटलं, आता वळते आहे. मला वाटलं, गुरुवारी जे होईल ते कदाचित लागणारही नाही.

गुरुवारी सव्वादहाला आमचा नंबर आला. लांबट खोली, तीन खिडक्या, पंखे जोरात, तरी सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले. आमच्या खिडकीत बसलेले गृहस्थ पन्नाशीचे, कपाळावर गंधाची बारीक रेघ. त्यांनी हॉल तिकीट पाहिलं, आडनाव वाचलं आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत मराठीत म्हणाले, "मराठी कां?"

तंजावरची मराठी. शब्द जुने आणि चाल पूर्ण तमिळ. मुलगी एकदम उजळली. "हो सर!"

"आमचें पण आडनाव होतें एके काळीं," ते हसून म्हणाले. "आजोबांनी टाकून दिलें. इनिशियलला जागा पुरेना." मग त्यांनी गुणपत्रिका उलगडली, आणि हसू गेलं. हॉल तिकीट एका हातात, गुणपत्रिका दुसऱ्या हातात. "प्रतिज्ञापत्र?"

"कसलं?" मुलीनं विचारलं.

"नावं दोन आहेत. पोरगी एक, हें मला दिसतें. पण कागदानें सांगावें लागतें, अम्मा. पाचवी सूचना."

तिनं पत्र ओढून घेतलं. वाचलं. कान लाल झाले. मागच्या रांगेतून कोणीतरी तमिळमध्ये म्हणालं, "सीक्रम, सीक्रम." लवकर आटपा.

"फॉर्म कोणीं भरला?" त्यांनी विचारलं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझा चूक आहे, सर," ती म्हणाली. "मी बघायला पाहिजे होतं."

"माझी," मी म्हणाले.

"आई!" ती दात ओठ खाऊन वळली. "आत्ता तरी ग्रामर नको ना! माझी चूक, बस?"

खिडकीतले गृहस्थ हसले. मागचेही दोघं-तिघं, काही न कळता, हसले. मला हसून सोडून देता आलं असतं. तिनं मला वाट करून दिली होती.

"ग्रामर नाही गं," मी म्हणाले. "चूक माझी आहे. फॉर्म मी भरला. आणि मला मंगळवारपासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच. नावाचं. प्रतिज्ञापत्राचं. मंगळवारी सकाळी दिसलं मला."

तिला कळायला थोडा वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग ती हिशेब लावत होती. मंगळवार, बुधवार, कपाटावरची फाइल. मला वाटलं ओरडेल. ती खिडकीकडे वळली आणि तमिळमध्ये, शांत आवाजात विचारलं, किती वाजेपर्यंत?

"एक," ते म्हणाले. आता तेही तमिळमध्ये. "एक वाजतां खिडकी बंद," त्यांनी मराठीत जोडलं, माझ्याकडे न बघता. "तालुका ऑफिससमोर नोटरी बसतात. जा."

शेअर ऑटोत आम्ही समोरासमोर बसलो. मध्ये एका बाईचा भाजीचा टोपला. मुलगी वडिलांना फोन लावत होती. पुन्हा आणि पुन्हा. कारखान्यात फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं. तिला हे लहानपणापासून ठाऊक आहे, तरी ती लावत होती.

नोटरी म्हणजे झाडाखालचं टेबल, टायपिस्ट शेजारी. टायपिस्टनं विचारलं, वय? तिनं सांगितलं, सतरा. तो म्हणाला, मग पालकांनी शपथेवर सांगायचं. वडील कुठे आहेत?

"वडील ड्यूटीवर आहेत," ती म्हणाली. क्षणभर थांबली. "अम्मा इरुक्कांग." आई आहे.

तो टाइप करत गेला. मी, अमुक, अमुक हिची आई, सत्यप्रतिज्ञेवर असं सांगते की. अकरा पस्तीस. कागद छापून आला तेव्हा मी सवयीनं हात पुढे केला. तिनं तो आधी घेतला. एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचला. इनिशियल नावानंतर हवं होतं, त्यानं नावाच्या आधी टाकलं होतं.

"परत," ती म्हणाली.

"परवाइल्ले, चालेल, एकच अर्थ आहे," टायपिस्ट म्हणाला.

"एकच अर्थ नाही. परत करा."

पुन्हा टाइप झाला. स्टॅम्प पेपर दुसरा घ्यावा लागला. नोटरीबाई चहा प्यायला गेल्या होत्या. बारा दहा. मी उठून चहावाल्यापर्यंत गेले, बाई तिथे नव्हत्या, शेजारच्या कोर्टाच्या व्हरांड्यात होत्या. मी त्यांना जवळजवळ ओढत आणलं. त्यांनी माझं आधार बघितलं, माझा चेहरा बघितला आणि नेहमीचा प्रश्न नेहमीच्या सुरात विचारला. यात लिहिलेलं सगळं खरं आहे ना?

"खरं आहे," मी म्हणाले.

मुलगी शेजारी उभी होती. ती झाडाकडे बघत होती.

बारा पन्नासला आम्ही खिडकीत होतो. गृहस्थांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, सही तपासली, गुणपत्रिकेवर हिरवी खूण केली. "सोमवारी फी भरायला या. तोंवर जागा तुमची," ते म्हणाले. मग मुलीला म्हणाले, "मराठी विसरूं नको, काय? चूक स्त्रीलिंगी आहे." तिनं मान हलवली. हसली नाही.

बाहेर आल्यावर ती सावली शोधत कोपऱ्यावरच्या रसाच्या गाडीपाशी थांबली. मी बोलायला तोंड उघडलं.

"सॉरी म्हणू नको," ती म्हणाली. "एक सांग. मी फोन लावत होते तेव्हा तुला वाटलं, एक वाजला तर बरं?"

मी खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. "ऑटोत बसेपर्यंत वाटत होतं," मी म्हणाले. "नंतर नाही."

"मला काल रात्रीपर्यंत कॉलेज बरं वाटायला लागलं होतं," ती म्हणाली. "खरंच. त्यांची लॅब चांगली आहे. मी तुला आज परत जाताना सांगणार होते. आता मला कळतच नाही. मी टूल रूम घेतली तर ती मला पाहिजे म्हणून, की तुझ्यावर राग आला म्हणून? आणि कॉलेज घेतलं तर तू जिंकलीस. असं लपवून जिंकलीस. मी स्वतःचं काय ठरवू, सांग ना?"

मी तिला डायमेकरांचं उरलेलं अर्धं बोलणं सांगितलं. शेड कोणाला द्यायची, ते. मुलगा खूश आहे का ते विचारत नाहीत, तेही. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे पण अर्धंच सांगितलं होतंस." मग दोन रस घेतले, एक माझ्या हातात दिला आणि स्टेशनकडे माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली.

नवऱ्याला संध्याकाळी तिनंच सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग डबा घासायला आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मी पण कॉलेजच म्हटलं असतं शेवटी. पण कागद दाबला नसता." एवढंच. डबा त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घासला.

शुक्रवारी मी कंपनीत होते. काम होतं, भरपूर होतं. साडेतीन झाले, चार झाले. तिला फोन करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. कॉलेजच्या सीटसाठी नोंदवलेला मोबाइल नंबर माझा होता, हेही मीच केलं होतं. तिचा फोन चार्ज नसतो, म्हणून. म्हणजे स्वीकारलं किंवा सोडलं, काहीही केलं तरी ओटीपीचे सहा आकडे माझ्याच फोनवर येणार होते, आणि ते मी सांगितल्याशिवाय तिला पुढे जाता येणार नव्हतं. हे माझ्या चार वाजून वीस मिनिटांनी लक्षात आलं. मी फोन टेबलावर ठेवला, मग हातात घेतला, मग पुन्हा ठेवला.

चार चाळीसला फोन किणकिणला. सहा आकडे. दहा मिनिटांत बाद होतील, असं खाली लिहिलं होतं. कशासाठी, ते लिहिलं नव्हतं. लगेच तिचा फोन आला.

"आई. नंबर आला?"

"आला."

आकडे तिनं लगेच मागितले नाहीत. मी विचारावं म्हणून थांबली होती, की विचारते का ते बघायला थांबली होती, मला माहीत नाही. मागे पंख्याचा आवाज येत होता. आमच्या पुढच्या खोलीतला पंखा, तो करकरतो.

मी आकडे वाचले. एकेक, सावकाश. तिनं माझ्यामागून म्हटले. चौथा तिला नीट ऐकू आला नाही, मी परत सांगितला. कळा दाबल्याचा आवाज आला. सुपरवायझर दारात येऊन काहीतरी विचारत होता. मी हात वर करून त्याला थांबवलं.

"झालं," ती म्हणाली. "कॉलेज सोडलं."

"बरं."

"रागानं नाही. सकाळपासून बघत होते, राग आहे का. थोडी आहे."

थोडा, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"राहू दे," मी म्हणाले. "सोमवारी किती वाजता जायचं?"

"मी आणि बाबा जातो," ती म्हणाली. "त्यांनी रजा टाकली आहे. मिळाली तर."